रीलमधले हात

मार्चमध्ये मी एक रील टाकली होती. पंचेचाळीस सेकंदांची. जुन्या शिडाच्या बोटीचा सांगाडा उलटा ठेवलाय, त्याच्या कडेवरून रंधा फिरतोय, लाकडाच्या पातळ साली वळत वळत खाली पडतायत, मागे पियानो. कॅप्शन : ‘वीकेंड प्रोजेक्ट. भंगारातून पाण्यापर्यंत.’ माझं काहीही एरवी दीड-दोनशे लोक बघतात, ही बेचाळीस हजारांनी पाहिली. ‘भावा, रिस्पेक्ट.’ ‘कोडिंग सोड, हेच कर.’ ‘हाताने काम करणं हेच खरं मेडिटेशन.’ मी प्रत्येकाला बदाम पाठवला.

त्या रीलमध्ये हात माझे नाहीत. फ्रेम मनगटापर्यंतच आहे म्हणून कळत नाही. डाव्या अंगठ्याचं नख नीट पाहिलं तर कळेल, ते अर्धंच आहे. ते हात माझ्या वडिलांचे आहेत. आप्पा धुळ्यात साक्री रोडला सुतारकाम करतात, चाळीस वर्षं होत आली. चुलतभावाने त्यांना ती रील दाखवली. त्यांनी दोनदा पाहिली, मोबाइल परत दिला आणि रात्री फोनवर मला एवढंच म्हणाले, “हात मना, नाव तुनं.”

रागावले नव्हते. दोन आणि दोन चार म्हणावं तसं म्हणाले. मग विचारलं, जेवलास का.

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय. माझ्यावर माझा राग आहेच, पण नुसता माझ्यावर नाही. ‘फावल्या वेळात जुनी वस्तू हाताने पुन्हा उभी करणं’ या प्रकाराभोवती आपल्या पिढीने जे गोड धुकं तयार केलंय, त्यावरही आहे.

आधी बोटीचं सांगतो. खानदेशातल्या माणसाने बोट घ्यायची म्हणजे वाळवंटात छत्री घेण्यासारखं आहे, हे मान्य. मी पुण्यात नोकरी करतो. ऑफिसातल्या दोन मित्रांना शिडाच्या बोटींचा नाद होता, त्यांच्यामागे मीही खडकवासल्याला जायला लागलो. तिथूनच कळलं की एका शेडमध्ये एक जुनी ‘एंटरप्राइज’ कित्येक वर्षं उलटी पडून आहे. एंटरप्राइज म्हणजे जॅक होल्ट या इंग्रज डिझायनरने १९५६ साली आखलेली दोन माणसांची छोटी शर्यतीची बोट. साधारण सव्वातेरा फूट लांब, प्लायची, निळ्या शिडाची. ती आखलीच होती सामान्य माणसाला घरी बांधता यावी म्हणून. तिघांनी मिळून अठरा हजारांना घेतली. पुण्यात ठेवायला जागा नव्हती, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिने एक पावसाळा काढला आणि चेअरमनांनी नोटीस लावली. शेवटी आयशरमध्ये टाकून धुळ्याला नेली. टेम्पोचं भाडं बोटीच्या निम्म्याहून जास्त पडलं.

आप्पांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बोटांनी टकटक केलं आणि विचारलं, “हाई नाव कथा चालावशी तू? पांझरामा?” ज्यांनी मे महिन्यातली पांझरा पाहिली आहे, त्यांना यातला विनोद कळेल.

शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा प्रश्न जास्त सरळ होता. “कितला पैसा भेटतस याना?” मी म्हटलं, काही नाही, आवड आहे. तो आप्पांकडे बघून हसला. आप्पा हसले नाहीत.

का हसले नाहीत, हे मला उशिरा कळलं. लहानपणी मी वाकसाला हात लावला तर मार बसायचा. लागेल म्हणून नाही. ‘याची सवय लागली तर हेच करशील’ म्हणून. आजोबा बलुत्यावर जगले. वखर, पाभर, गाडीची चाकं करायची आणि खळ्यावर जाऊन वर्षाचं धान्य मागून आणायचं. धान्य हक्काचं, पण मागायला लागायचं. आप्पांनी गाव सोडून धुळं गाठलं ते या मागण्यातून सुटायला, आणि मला इंजिनिअर केलं ते रंध्यातून सोडवायला. त्यांच्या आयुष्याचा सगळा हिशोब असा होता की पोराच्या हातात हत्यार येता कामा नये. आणि मी, पगार चांगला झाल्यावर, शनिवारी साडेसहाची गाडी पकडून त्याच शेडमध्ये तेच हत्यार धरायला येत होतो. हौस म्हणून.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला वर्कशॉप होतं. सुतारकामाचा एक ‘जॉब’ करायचा, दोन लाकडं अर्धी अर्धी कापून एकमेकांत बसवायची. अर्धा वर्ग बाहेरून तयार जॉब विकत आणायचा. मला तेही लागलं नाही. आप्पांनी जेवणापूर्वी वीस मिनिटांत करून दिला. पंचवीसपैकी तेवीस मिळाले. म्हणजे रील ही काही पहिली वेळ नव्हती.

बोट घेतल्यावर सगळे करतात तेच मी केलं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जुन्या बोटींचे व्हिडिओ बघितले. या दुनियेत एका बोटीचं नाव देवळातल्या मूर्तीसारखं घेतलं जातं. सुहेली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली बोट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला परत आला. ३१२ दिवस. अंटार्क्टिकाच्या वरचा खवळलेला महासागर, केप हॉर्न, सगळं बत्तीस फुटी लाकडी बोटीत.

ही बोट मुंबईत बांधली गेली. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. त्याने नकाशे मागवले आणि मुंबईच्या सुतारांनी सागवानात ती उभी केली. हत्यारं कोणती? वाकस, हाताची करवत आणि सामता, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या धनुष्याने पुढेमागे फिरवून भोक पाडायचं ते यंत्र. माझ्या आजोबांचा सामता आमच्या माळ्यावर अजून आहे. १९६० च्या दशकात, बाकीचं जग फायबरग्लासकडे वळत असताना, पृथ्वीला फेरी मारणाऱ्या बोटीला भोकं सामत्याने पडत होती.

आता या बोटीची कुठलीही माहिती उघडा. डिझायनर : अमेरिकेचा विल्यम अॅटकिन. कप्तान : सर रॉबिन. लांबी, रुंदी, शिडाचं क्षेत्रफळ, बांधणीचं शहर. सुतार या नावाचा रकाना नसतो. माहिती गहाळ झाली असती तर रकाना रिकामा दिसला असता. इथे रकानाच नाही.

कुणी म्हणेल, अरे, जीव तर त्याने धोक्यात घातला ना? घातला. प्रवासाच्या सुरुवातीलाच बोटीच्या तळाच्या फळ्यांमधून पाणी येऊ लागलं. तेव्हा तो अटलांटिकमध्ये पाण्याखाली उतरला, फटीत कापूस कोंबला, वर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली. मध्ये एक शार्क आला, तो त्याला गोळी घालून मारावा लागला. या माणसाच्या धैर्यावर मी कोण बोलणार. मी पोहायला शिकलो ते जळगावच्या हॉस्टेलमध्ये असताना, तेही कमरेइतक्या पाण्यात. माझं म्हणणं धैर्याबद्दल नाहीच. ज्या फळ्यांनी नंतरचे नऊ-दहा महिने दम धरला, त्या बसवणाऱ्याला त्या गोष्टीत एक ओळही का नसावी, एवढंच आहे.

सुहेलीची पुढची गोष्ट मी आप्पांना एका दुपारी सांगितली आणि त्या दुपारी माझ्या डिग्रीची इज्जत गेली. ही बोट पुढे लंडनजवळ ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली होती. तापमान नियंत्रित, आर्द्रता नियंत्रित, जगातली उत्तम व्यवस्था. आणि तिथे ती खराब व्हायला लागली. २००२ मध्ये मालकाने तिला बाहेर काढलं. मी आप्पांना कोडं घालतो तसं विचारलं, का झालं असेल असं? त्यांनी बिडी बाजूला ठेवायचीही तसदी घेतली नाही. कोरड्या हवेने फळ्या आखडल्या असणार, सांधे उघडले असणार. गाडीचं चाक उन्हाळ्यात असंच होतं. आरे खुळखुळतात, धाव निसटायला येते. म्हणून शेतकरी चाक काढून डोहात टाकतो, रात्रभर पाणी पिऊन लाकूड फुगतं आणि चाक पुन्हा घट्ट. “पानीनी वस्तू पानीमाच ऱ्हाते.” ग्रीनिचला नेमकं हेच झालं होतं, फळ्या आखडत होत्या. मला ते कळायला तीन लेख वाचावे लागले होते.

नंतर सत्तरी ओलांडलेल्या नॉक्स-जॉन्स्टनने ती बोट स्वतः दुरुस्त करायला घेतली. लोखंडी बोल्ट गंजून गेले होते, साग मात्र टिकला होता. १४ जून २०१८ ला, बरोबर पन्नास वर्षांनी, ती पुन्हा फाल्मथच्या पाण्यात शिडं उभारून फिरली. या दुरुस्तीला सगळं जग ‘रिस्टोरेशन’ म्हणतं.

या शब्दाशीच माझं भांडण आहे. आप्पा आयुष्यभर जे करत आले त्याला ‘दुरुस्ती’ म्हणतात. डागडुजी. ठोकठाक. कुजलेला तुकडा कापून त्याच नसेचा नवा तुकडा बसवणं, जुनं जितकं वाचेल तितकं वाचवणं, नवं लाकूड जुन्याशी भांडणार नाही असं पाहणं, काम तेच. पण दुरुस्तीला नऊशे रुपये हजेरी असते आणि त्यातही गिऱ्हाईक दीडशे कमी करतं. रिस्टोरेशनला स्टुडिओ असतो, कोटेशन असतं, जीएसटी असतो. आमच्याकडच्या पडक्या वाड्यांची दारं भावाने उतरतात आणि पुण्या-मुंबईच्या कॅफेत भिंतीला टांगली जातात, ‘रिस्टोर्ड’ म्हणून. मधे पॉलिशचे दोन हात आणि एक शब्द, एवढाच फरक पडलेला असतो.

आणि ते ‘मेडिटेशन’. मीही हे बोललोय, लिहिलंय. स्क्रीनपासून लांब, लाकडाचा वास, मन शांत. खरं आहे, मला शांत वाटतं. कारण रविवारी रात्री मी गाडीत बसतो आणि सोमवारी पगाराच्या कामाला लागतो. जोड चुकला तर मला हसू येतं, आप्पांना चुकला तर प्लायचे पैसे खिशातून जातात. ज्याला ते काम सोडता येतं त्याच्यासाठीच ते ध्यान असतं. चाळीस वर्षं रंधा मारून ज्याचा खांदा रात्री दुखतो, त्याला कुणी विचारत नाही, काका, तुम्हाला किती शांत वाटत असेल ना?

यावर माझ्या मित्रांचं उत्तर असं की तू उगाच जात आणि वर्ग यात आणतोयस, लोकांना सुखाने लाकूड घासू दे. घासा की. मी कुठे थांबवतोय? मी स्वतः सोडणार नाहीये. पण जातीला यात मी आणलेलं नाही, ती हत्याराच्या मुठीवर आधीपासून आहे. मला वाकस धरल्यावर ‘भावा, रिस्पेक्ट’ येतं आणि आप्पांना ‘ए मिस्त्री’, हा फरक काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही.

समुद्राचं म्हणाल, तर त्याचा आणि खानदेशचा संबंध लाकडानेच जोडलाय. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही तरंगतं आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. १९९० ते २००१ अशी दहा-अकरा वर्षं त्याची दुरुस्ती चालली होती. पुढे १८४२ मध्ये इंग्रजांनी सागासाठी डांगातल्या भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे घेतले, आणि त्या डांगांचा कारभार कित्येक वर्षं खानदेशच्या कलेक्टरकडे होता. म्हणजे जंगल तोडणारे हात, लाकूड तासणारे हात, सगळे आसपासचेच. जमशेटजी बोमनजी वाडिया हे नाव इतिहासात राहिलं ही चांगली गोष्ट, निदान मुख्य बांधणारा तरी राहिला. त्यांच्या हाताखालचे शेकडो सुतार लाकडात विरून गेले.

हे असंच असतं, असंच चालायचं, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं आहेत. नौदलाची ‘म्हादेई’, जिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारली, ती गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली. बांधणारे रत्नाकर दांडेकर, हे नाव दोंद्यांच्या नावाबरोबर घेतलं जातं. आणि ‘कौंडिण्य’, फळ्या खिळ्यांऐवजी दोरीने शिवून बांधलेलं जहाज, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलं. सरकारी प्रसिद्धीपत्रकातच प्रमुख कारागिराचं नाव होतं, बाबू शंकरन. ते जहाज कशावरून घेतलं? अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रावरून. आमच्या जळगावपासून साठ-एक किलोमीटरवर, समुद्राचा मागमूस नसलेल्या डोंगरात, दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते काढून ठेवलं होतं. (त्या चित्रकाराचंही नाव नाही, पण तो वाद आज नको.) तर, नाव देता येतं. त्याला कागदावर एक ओळ लागते.

जळगावकरांना तर हे कुणी शिकवायला नको. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी कागदावर उतरली ती मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांमुळे, आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः कवी होते. ती गाणी त्यांनी स्वतःच्या नावावर छापली असती तर असोद्याच्या शेतात कोण तपासायला जाणार होतं? त्यांनी आईचं नाव घातलं. आज जळगावच्या विद्यापीठाला तेच नाव आहे. माझी डिग्री त्याच विद्यापीठाची आणि माझी रील बघा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले तर क्रेडिटसाठी रक्त सांडतो. कोडची प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, का बदलली, याची नोंद राहते. माझा एक कमिट दुसऱ्याच्या नावाने गेला म्हणून मी मागच्या वर्षी मॅनेजरला तीन ईमेल केले होते. आणि बोटीच्या खर्चाची जी शीट आम्ही तिघांनी केली, तिच्यात इपॉक्सी आहे, फायबर टेप आहे, पितळी स्क्रू आहेत, आयशरचं भाडं आहे, चहा-नाश्ता आहे. ‘मजुरी’ या रकान्यात शून्य. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. शून्य हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सॉफ्टवेअरचे तीन इंजिनिअर, आणि एकालाही ती सेल खटकली नाही.

खरं काम काय होतं ते सांगतो, म्हणजे त्या शून्याची किंमत कळेल. बोटीच्या बगलेचा साडेतीन फुटांचा प्लाय कुजला होता, बोट लावलं तर आत जात होतं. नवा तुकडा नुसता चिकटवून चालत नाही, दोन्ही कडा तिरक्या तासून एकमेकींवर निजवाव्या लागतात. नियम असा की जाडीच्या आठपट लांब उतार. सहा मिलिमीटरच्या प्लायला अठ्ठेचाळीस मिलिमीटर. मी मोबाइलवर अँगल मोजत बसलो, दोन तुकडे वाया घालवले. आप्पांना प्लाय आवडत नाही, ते त्याला लाकूड मानत नाहीत. पण त्यांनी रंधा दोनदा फिरवला आणि थांबले. प्लायचे थर उतारावर पट्ट्यांसारखे दिसत होते, एक फिका, एक गडद. म्हणाले, या पट्ट्या सारख्या रुंदीच्या आणि सरळ आल्या की उतार बरोबर, वाकड्या दिसल्या की तिथे जास्त खाल्लं. मोजपट्टी लाकडातच होती. आयुष्यात पहिल्यांदा असा जोड करणाऱ्या माणसाला हे अर्ध्या मिनिटात दिसलं. तोच जोड मी रीलमध्ये टाकला होता.

म्हणून या छंदात असणाऱ्या, पडू पाहणाऱ्या सगळ्यांशी माझं भांडण आहे. जुनी बुलेट असो, आजीचं कपाट असो, बोट असो. तुमच्या ‘मी केलं’मध्ये किती मिस्त्री, किती वेल्डर, किती रंगारी गुपचूप बसलेत ते मोजा. त्यांचं नाव लिहा, त्यांना विचारून लिहा. त्यांचा दर कमी करू नका आणि ‘शिकायला मिळालं’ म्हणून फुकट घेऊ नका. घरचे असतील तर मुळीच नको. ‘अरे, बापच आहे ना तुझा, त्याला बरंच वाटलं असेल’ हे मला सगळ्यात जास्त ऐकवलं गेलं. बरं वाटलंही असेल. आजोबांनाही गाडीचं चाक बरोबर बसल्यावर बरं वाटायचं, आणि मग ते पोतं घेऊन खळ्यावर जायचे.

रीलचं कॅप्शन मी बदललं. बदलेपर्यंत ती कुणी बघत नव्हतं, हा इंटरनेटचा न्याय. बोटीच्या मागच्या फळीवर आप्पांचं नाव रंगवायचं ठरवलं तर ते नाही म्हणाले. नाव काय करायचंय, पाण्यात कोण वाचणार? हजेरी लिही म्हणाले.

लिहिली. शीटमध्ये तारखा घातल्या, एकतीस दिवस भरले, नऊशेने सत्तावीस हजार नऊशे. मित्रांनी कुरकुर न करता आपापला हिस्सा दिला, एकाने तर ओशाळून थोडा जास्तच. गेल्या गुरुवारी मी आप्पांना यूपीआय केलं. दहा मिनिटांत नऊशे रुपये परत आले आणि पाठोपाठ फोन.

“एकतीस नई, तीस. त्या सोमवारले मी शिरपूरले लगनमा व्हतू.”